न वाजलेला ठोका

गुरुवारी सकाळी क्लाइव्हचा फोन आला तेव्हाच नॉर्मन हिंग्लीचं डोकं फिरलं. मेव्हण्याचा फोन म्हणजे एक तर कोणी मेलेलं असायचं, नाही तर कोणाची तरी अक्कल काढायची असायची. आणि मरायला आता त्या घरात कोणी उरलं नव्हतं.

“रविवारी तू काय मांडणार आहेस ते डॉटनं सांगितलं,” क्लाइव्ह म्हणाला. कसा आहेस नाही, काही नाही. “बदल ते. वेगळा अल्बम घे.”

“का म्हणून?”

“मी सांगतोय म्हणून. पिटबँकचे सहा अल्बम आहेत. तिसरा घे, चौथा घे. पहिला नको.”

“टरकलास वाटतं?”

“नॉर्मन, एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी माझं ऐक.”

“पन्नास वर्षं तुझंच ऐकतोय लेका. आता रविवारी तू माझं ऐक,” असं म्हणून नॉर्मननं फोन आपटला. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायला. पण मनातून गडी खूश होता. क्लाइव्ह फोली, शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलेला, पियानोवर बोटं आपटून पोरांना रडवणारा, तो घाबरला होता! भ्यायल्याशिवाय हा माणूस कोणाला फोन करायचा नाही.

आमच्या गावात नेटरटनच्या उताराला ‘बेलोज’ नावाचा पब आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी हा वाद चालतो, एक्क्याण्णव सालापासून. एक बँड ठरवायचा, जुना, सत्तरच्या दशकातला. दोघांनी उठायचं, त्या बँडचा सर्वांत थोर अल्बम कोणता ते आपापलं मांडायचं, एकेक गाणं वाजवून दाखवायचं, मग बाकीच्यांनी मत द्यायचं. जो जिंकेल त्याच्या अल्बमचं कव्हर वर्षभर शेगडीच्या वर टांगलेल्या चौकटीत लागतं. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण या खोलीत दोन मैत्र्या तुटल्या आहेत आणि एका ढोलकऱ्यावरून एकाचा दात पडला आहे. एका बँडचा वाद एकदाच होतो, पुन्हा कधीच नाही. पिटबँक हा तर आमच्याच गावचा बँड, साखळीच्या कारखान्यातल्या पोरांनी काढलेला. तो सगळ्यांनी इतकी वर्षं मुद्दाम राखून ठेवला होता. यंदा चिठ्ठीत तो निघाला, आणि मांडणारे म्हणून नॉर्मन आणि क्लाइव्ह निघाले. चिठ्ठी काढणाऱ्या डॉटनं कपाळावर हात मारून घेतला.

क्लाइव्ह ‘ग्लास कनाल’ मांडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो दुसरा अल्बम, घरोघरी असलेला, ज्यावर बँडनं बंगले बांधले. नॉर्मनचा अल्बम पहिला, ‘बुल ॲट सेव्हन’. आमच्याकडे कारखान्याच्या भोंग्याला बुल म्हणतात. तो अल्बम निघाला आणि सहा महिन्यांत काढणारी कंपनीच बुडाली. हजारेक प्रती निघाल्या असतील, पुन्हा कधी छापला नाही. कोणी नातवाच्या फोनवर ऐकला असेल तर असेल, पण नॉर्मनच्या लेखी ते ऐकणं नव्हेच.

ती रेकॉर्ड बेरिलची होती. क्लाइव्हची बहीण, नॉर्मनची बायको. एकोणिसाव्या वर्षी बिस्किटाच्या कारखान्यातल्या पगारातून तिनं घेतली होती. चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नॉर्मनला गाण्याचं ओ की ठो कळत नव्हतं. दिवसभर कारखान्यात घणाच्या दणक्यात उभं राहायचं, रात्री कान गुणगुणत झोपायचं, एवढंच त्याचं संगीत. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तो कामावरून आला आणि तिनं ती रेकॉर्ड लावली. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं. गायक ओरडत ओरडत वर चढतो, ढोल मागून रेटतो, आता शेवटचा ठोका पडणार असं वाटतं, आणि ठोका पडतच नाही. नुसती काडीवर काडी आपटल्याची ‘टक’. आणि एकदम गिटार अंगावर कोसळते.

नॉर्मन बूट काढायचा थांबला होता. एक बूट हातात, एक पायात. “परत लाव ती जागा,” तो म्हणाला होता. त्या रात्री आठ वेळा लावली. त्या एका जागेपायी हा माणूस या नादाला लागला. नंतर दोन हजार रेकॉर्डी जमवल्या, पण सगळ्यांची परीक्षा त्या एका न वाजलेल्या ठोक्यावर. दर रविवारी स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत असायची आणि ती जागा जवळ आली की हा बोट वर करायचा, “श्श, आता ऐक.” तिची सुरी हवेत थांबायची. टक. गिटार. मग दोघं एकमेकांकडे बघायची. पन्नास वर्षं.

मार्चमध्ये बेरिल गेली. तिचा अल्बम त्या चौकटीत लावायचा आणि तोही तिच्या भावाला हरवून, याखेरीज नॉर्मनला या वर्षात दुसरं काही नको होतं.

रविवारी मागच्या खोलीत डॉट मिलवर्डनं चीज-कांद्याचे पाव मांडून ठेवले होते. पब तिचाच आणि पंचही तीच, कारण दोन्ही बाजूंना दम भरू शकेल असं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मत द्यायला आठ जण होते, सगळे साठीच्या पुढचे, काळ्या सदऱ्यांवर पोटं सांभाळत बसलेले. क्लाइव्ह आधीच आला होता. टाय लावून. रेकॉर्डींची चामडी पिशवी त्यानं खुर्चीखाली सरकवून ठेवली होती.

“टाय कशाला रे?” नॉर्मननं बसता बसता विचारलं. “कोणाचं दफन आहे?”

“बघू कोणाचं होतंय,” क्लाइव्ह म्हणाला.

“बहिणीच्या दफनाला तर अर्धा तास उशिरा आलास. तेव्हा टाय सापडत नव्हता?”

डॉटनं ग्लास टेबलावर आपटला. “घरातली धुणी घरी धुवा. क्लाइव्ह, ऊठ, सुरू कर.”

क्लाइव्ह चांगला बोलायचा, नाकारून चालणार नाही. ‘ग्लास कनाल’मध्ये बँड मोठा कसा झाला, कुठं सूर बदलतो, बासरी कुठून येते, सगळं त्यानं वर्गात शिकवावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाला, “पहिला अल्बम म्हणजे ताकद आहे, पण अकलेचा पत्ता नाही. ज्यांचे कान कारखान्यात गेले त्यांना तेवढीच ताकद ऐकू येते.” दोघे-तिघे खिदळले. मग गाणं वाजलं आणि आठही जणांनी माना डोलावल्या.

नॉर्मन उठला. त्याला बासरीबिसरी सांगता येत नव्हती. त्यानं ती जागा सांगितली.

“हा बासरीचं सांगतोय. बासरी कोणीही वाजवेल. मी म्हणतो, वाजवायचं नाही कधी, हे कळायला अक्कल लागते. बावीस वर्षांचा पोरगा, हातात काड्या, सगळं गाणं त्या ठोक्याच्या दिशेनं धावतंय, आणि तो मारत नाही! काडीवर काडी, टक, बस. ‘ग्लास कनाल’मध्ये पैसे आल्यावर यांनी सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकल्या. इथं ती जागा उघडी आहे. मी पन्नास वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो. बेरिलच्याही यायचा.”

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. कोणी हसलं नाही. एक-दोघं पुढं सरकून बसले. क्लाइव्ह मात्र मान खाली घालून ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती नखानं सोलत होता.

“चला, क्लाइव्ह, तुझी प्रत काढ,” डॉट म्हणाली. हा इथला जुना नियम आहे. मांडणाऱ्यानं स्वतःची प्रत वाजवायची नाही, समोरच्याची वाजवायची. फार पूर्वी एकानं जपानहून खास मागवलेली रेकॉर्ड लावून सगळ्यांना गंडवलं होतं, तेव्हापासून.

“आणली नाही,” क्लाइव्ह म्हणाला.

“आणली नाही म्हणजे?”

“विसरलो. घरी राहिली. त्याचीच वाजवा, माझी हरकत नाही.”

क्लाइव्ह फोली आणि विसरला? वह्यांना कव्हर नाही म्हणून पोरांना बाकावर उभं करणारा माणूस? डॉटनं खांदे उडवले आणि नॉर्मनच्या रेकॉर्डीकडे हात केला. आणि तेवढ्यात नॉर्मनला खुर्चीखालच्या पिशवीतून डोकावणारा तांबडा कोपरा दिसला. तो तांबडा रंग त्यानं झोपेतसुद्धा ओळखला असता.

“थांब डॉट! याच्या पिशवीत आहे ती!”

“नॉर्मन, खाली बस,” क्लाइव्ह म्हणाला.

“का बसू? मला कळत नाही होय तुझं? माझी वाजवायची, मी जिंकायचं, आणि उद्यापासून तू गावभर सांगत हिंडायचं, नियम मोडला, स्वतःचीच प्रत वाजवली, असल्या जिंकण्याला काय अर्थ! काढ बाहेर!”

“मी हात जोडतो. तुझीच लाव.”

“बघा, हात जोडतोय!” नॉर्मन सगळ्यांकडे वळून ओरडला. त्यानं वाकून पिशवी ओढली. क्लाइव्हनं दुसरा पट्टा धरला. दोन म्हातारे एका पिशवीसाठी झोंबत होते आणि बाकीचे पाव खायचे विसरले होते. शेवटी पट्टा तुटला. नॉर्मननं तांबडं कव्हर उपसून डॉटच्या हातात दिलं. क्लाइव्ह खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

डॉटनं सुई ठेवली. तिसरं गाणं सुरू झालं. नॉर्मननं सवयीनं बोट वर केलं. गायक ओरडत चढला, ढोल मागून रेटायला लागला, आता, आता, आणि ढोल वाजतच राहिला. काडीची टक नाही. उलट ढोलकऱ्यानं घडघडघड करत सगळे ढोल खालपासून वरपर्यंत बडवले, मग सणसणीत ठोका दिला, आणि त्यानंतर गिटार आली, आरामात, जिथं यायला हवी तिथं.

नॉर्मनचं बोट तसंच वर राहिलं.

“हे ते नव्हे,” तो म्हणाला.

“तेच गाणं आहे,” कोणी तरी म्हणालं.

“हे ते नव्हे! यानं दुसरी आणली. नंतर कुठं तरी नव्यानं वाजवून काढलेली, भरून टाकलेली! तरीच लपवत होता!”

“असली कुठली दुसरी नाहीच आहे,” डॉट कव्हर उलटून बघत म्हणाली. “तीच कंपनी, तेच साल.”

“मग यानं काही तरी केलंय! अरे हा काय करणार नाही? जन्मभर माझा दुस्वास केला. कारखान्यातला जावई नको म्हणून बापाचे कान भरले. बेरिलनं माझ्याशी लग्न केलं ते याला आजतागायत पचलं नाही. आणि आता ती गेल्यावर तिचं गाणं बाटवून आणलं, चोरा!”

चोर म्हटल्यावर क्लाइव्ह उठला. त्यानं आपली रेकॉर्ड काढली, नॉर्मनची लावली आणि सुई नेमकी त्या जागेच्या जरा अलीकडे ठेवली. गायक चढला. ढोल. टक. गिटार.

“ऐकलंत?” नॉर्मन विजयानं ओरडला.

क्लाइव्हनं पुन्हा लावली. टक. “डॉट, तो दिवा खाली ओढ,” तो म्हणाला. “सुईकडे बघा सगळे. ऐकू नका, बघा.”

आठही जण वाकले. टक झाली तेव्हा सुईनं उडी मारली. दिव्याच्या तिरक्या उजेडात रेकॉर्डीवर एक पांढरा चरा दिसत होता, बोटाच्या पेराएवढा, तिसऱ्या गाण्याला आडवा कापत गेलेला. सुई तिथं अडखळायची आणि एक अख्खं वळण गिळून पुढं पडायची.

“ओरखडा आहे, लेको,” क्लाइव्ह म्हणाला. “बावीस वर्षांच्या पोराची अक्कल नव्हे. ओरखडा.”

कोणी तरी फस्सकन हसलं. मग दुसरा. मग आवरेना त्यांना. पन्नास वर्षं ओरखड्याला दाद दिली, म्हणे, अंगावर काटा! नॉर्मन टेबलाची कड धरून उभा होता. त्याचे कान तापले होते, आणि हसण्यापेक्षा त्याला भलतंच काही ऐकू येत होतं. क्लाइव्हनं सुई नेमकी ठेवली होती. न शोधता.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“पहिल्यापासून.”

“तू पाडलास तो.”

“मी नाही. तिनं पाडला.”

हसणं थांबलं. डॉटनं प्लेअर बंद केला.

“तुझ्या घरी आल्यावर, प्लेअर मांडताना,” क्लाइव्ह म्हणाला. तो नॉर्मनकडे न बघता त्या चऱ्याकडे बघत होता. “तू कामावरून यायच्या आधी लावून बघायला गेली आणि हातातून सुईची दांडी निसटली. रस्त्यावरच्या फोनवरून रडत रडत मला फोन केला, दुसरी मिळेल का म्हणून. कुठली मिळतेय! म्हणाली, त्याला आज ऐकवणार होते, आता आधी सांगून टाकते की इथं बिघडलंय. पण तू आलास, ऐकलंस, आणि तुझं तोंड असं फुललं म्हणे की तिची जीभच उचलेना. नंतर दोनदा सांगायला गेली. तू श्श म्हणालास.”

“म्हणजे पन्नास वर्षं...” नॉर्मन म्हणाला. सुरी हवेत थांबायची. टक. मग ती त्याच्याकडे बघायची. काय बघायची? काय दिसायचं तिला? बावळट नवरा, ओरखड्यापुढं बोट वर करून बसलेला? पराभवाचं त्याला काही वाटत नव्हतं, चौकट गेली खड्ड्यात. पण ते रविवार खोटे असतील तर त्याच्यापाशी उरलं काय? त्याला ते विचारायचं नव्हतं, या माणसाला तर मुळीच नाही, आणि दुसरं कोणी जगात उरलं नव्हतं.

“हसायची का ती माझ्यावर?”

क्लाइव्हनं चऱ्यावरून नजर काढली. आता सूड उगवायला याच्याइतकी सोपी वेळ नव्हती. एक ‘हो’ पुरला असता.

“मी हसलो,” तो म्हणाला. “एकदा. एका नाताळात, तुझ्या स्वयंपाकघरात, तू बाहेर कोळसा आणायला गेला होतास तेव्हा. तुझी नक्कल केली, बोट वर करून. तिनं हातातलं ओलं फडकं माझ्या तोंडावर हाणलं. दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.”

“ते आईच्या घराच्या वाटणीवरून झालं होतं.”

“तुला ते सांगितलं होतं. वाटणीवरून आम्ही कधी भांडलो नाही.”

त्या दोन वर्षांत नॉर्मननं या माणसाला गावभर लालची म्हणून बदनाम केलं होतं. आणि याचं तोंड बंद राहिलं होतं. त्यामुळं नॉर्मनला त्याचा आणखीच राग आला.

“मग आज कशाला उघडलंस तोंड?”

“तिची शपथ होती, सांगायचं नाही अशी. दोन वेळा वाचवायला बघितलं तुला, गुरुवारी फोनवर आणि मघाशी इथं. पण तू चोर म्हणालास, इतक्या लोकांत. मी काही साधू नाही.” क्लाइव्हनं आपली रेकॉर्ड पिशवीत घालायला घेतली, मग हात थांबला. “आणि खरं सांगू? मला राग येत होता. तुझा नाही एवढा, तिच्या गप्प बसण्याचा. तुला माहीत आहे, तिनं ही रेकॉर्ड कशासाठी घेतली होती?”

नॉर्मननं नाही म्हणून मान हलवली.

“त्या घडघडाटासाठी. तुझ्या सुईनं गिळला तोच. तिची अख्ख्या अल्बममधली आवडती जागा. तुझ्याकडे आल्यावर ती तिला पुन्हा ऐकायला मिळाली नाही. वर्षातून एकदोनदा बाजाराच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे यायची. कोटसुद्धा काढायची नाही. उभ्या उभ्या तेवढं एक गाणं ऐकायची आणि निघायची, तुझी जेवणाची वेळ होते म्हणून. मी म्हणायचो, सांग त्या बैलाला. ती म्हणायची, त्याला त्याची जागा आवडते, राहू दे.”

डॉटनं मतासाठी काढलेल्या चकत्या हळूच परत खिशात टाकल्या.

नॉर्मननं आपली रेकॉर्ड प्लेअरवरून उचलून कव्हरात घातली आणि क्लाइव्हपुढं हात केला.

“काय?”

“तुझी दे. लाव.”

“आता कशाला?”

“लाव म्हणतो ना. मघाशी मी ऐकलंच नाही ते. भांडत होतो.”

क्लाइव्हनं रेकॉर्ड लावली, सुई ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नॉर्मन बसला नाही. गायक चढायला लागला तसं त्यानं टेबल घट्ट धरलं. ढोल रेटत आला, घडघडघड करत खालपासून वरपर्यंत गेला, आणि ठोका पडला. चांगला होता. हरामखोर, फार चांगला होता. नॉर्मनच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलं नाही.

गाणं संपलं. डॉटनं सुई उचलायला हात पुढं केला.

“राहू दे,” नॉर्मन म्हणाला. “परत तीच जागा लाव.”